तहकूब सभा

२६ जानेवारी, रात्र

गणपूर्तीअभावी ग्रामसभा तहकूब होणे आमच्या गावाला नवे नाही. तरीही आजची तहकुबी मनाला इतकी का लागली, हे नीट कळावे म्हणून लिहायला बसले आहे. सकाळी झेंडावंदनाला शाळेचे पटांगण भरून गेले होते. मुलांपाठोपाठ साऱ्या गावाने ‘आम्ही, भारताचे लोक’ म्हणत उद्देशिका वाचली, तेव्हा मला भरून आले. नंतर जिलेबी वाटून झाली आणि पंचायतीसमोरच्या सतरंजीवर सरपंचबाई, ग्रामसेवक भाऊसाहेब, पारावरची नेहमीची म्हातारी मंडळी आणि आम्ही मोजक्या बायका एवढेच उरलो. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जो आकडा कमी असेल, तेवढी माणसे कायद्याला पुरतात. तेवढीही आली नाहीत. वही घरोघर फिरवून सह्या घेऊ, असे कुणीतरी सुचवले. भाऊसाहेबांनी ते ऐकले नाही, एवढेच बरे झाले.

वस्तीवरच्या नळाचा ठराव आम्ही महिला सभेत करून ठेवला होता आणि तो आज ग्रामसभेपुढे यायचा होता. तो तसाच पिशवीत घालून घरी आणला. कुणासाठी करायचे हे सारे, असे दुपारभर वाटत राहिले. आक्काशी बोलावेसे वाटले, पण तिचे तिला व्याप काय कमी आहेत!

राग आला की मी पुस्तक काढते. मूलभूत कर्तव्ये घटनेत १९७६ साली ४२व्या दुरुस्तीने आली. तेव्हा ती १० होती, २००२ मध्ये अकरावे आले. राष्ट्रध्वजाचा आणि राष्ट्रगीताचा आदर पहिल्याच कर्तव्यात आहे आणि तो गावाने मनापासून केला, हे नाकारता येणार नाही. ग्रामसभेला बसण्याचे कर्तव्य मात्र त्या यादीत नाही. ७३व्या दुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा दिली, पण त्या जागेवर येऊन बसण्याची सक्ती कुणावर केली नाही, आणि ती करूही नये असे मला वाटते. मग ती सतरंजी रिकामी दिसली की जीव का तुटतो?

मसुदा समितीचीही हीच गत झाली होती, हे वाचताना आठवले. ५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णमाचारी यांनी घटना समितीत सांगितले होते की, सातांपैकी एकाने राजीनामा दिला, एकाचे निधन झाले, एक अमेरिकेत होते, एक राज्यकारभाराच्या कामात गुंतले होते, एक-दोघे प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर होते आणि अखेर सारा भार डॉ. आंबेडकरांवर पडला. त्यांची प्रकृतीही ठीक नव्हती. ज्या घटनेसाठी मी आज हळहळते आहे, ती अशाच रिकाम्या खुर्च्यांसमोर लिहिली गेली, या विचाराने मन पुष्कळ शांत झाले.

दिवेलागणीला वस्तीवरच्या मावशी आल्या. कांद्याच्या लागणीवरून थेट आल्या होत्या. नखांत चिखल, बोटांना रोपांचा हिरवा डाग. सभेला का आला नाहीत, असे मी विचारले, तर म्हणाल्या, “ताई, काम उक्तं घेतलंय. एक बाई कमी झाली तर टोळीचा वाफा राहतो. माझा रोज कोण देणार?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील, हा विसंवाद बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात बोलून दाखवला होता. मावशींचे मत आणि माझे मत सारख्याच मोलाचे आहे. सकाळी दहा वाजता सतरंजीवर येऊन बसणे मात्र मला फुकट पडते आणि त्यांना दिवसाची मजुरी गमवावी लागते.

पुढची सभा रात्री आठला घ्यावी, असा अर्ज उद्या भाऊसाहेबांना देणार आहे. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे आम्ही पाच-सातजणी बसलो तरी ठराव होईल. पण नळ ज्यांना हवा आहे त्यांनीच तो मागावा, असे मला वाटते. मावशी टोळीतल्या बायकांना घेऊन यायला तयार आहेत. “पण मागं भिंतीला टेकून नाही बसणार, पुढं बसणार,” असे त्यांनी बजावले आहे. अर्जावर पहिली सही त्यांचीच घेते.