तुम्ही विचारलंत म्हणून : ते थेंब खरे असतात का?

डोंबिवलीच्या लोकलमध्ये, नात्यातल्या लग्नांत आणि एकदा तर पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेतही मला हे विचारले गेले आहे : "दिवसभर संगणकात ढगातले थेंब फिरवतेस म्हणे, पण ते थेंब खरे असतात का?" आजवर मी हसून वेळ मारून नेली, नाहीतर इतकी समीकरणे ऐकवली की विचारणाऱ्यानेच विषय बदलला.

नाहीत. ढगातले सर्वांत लहान भोवरे मिलिमीटरभराचे असतात आणि ढग किलोमीटरचा. त्या दोन्हींना सामावणारी जाळी, म्हणजे जिथे हवेचा वेग काढायचा त्या बिंदूंची चौकट, मांडायची तर एकेका दिशेला दहा लाख बिंदू लागतील आणि तेवढे पेलणारा संगणक कुठेच नाही. म्हणून मी मीटरभराचा एक ठोकळा घेते, ज्याच्या उजव्या बाजूने बाहेर पडलेली हवा डावीकडून परत आत येते. त्यातला थेंब म्हणजे आकार नसलेला बिंदू. त्याला जडत्व असते, हवेचा विरोध असतो. गुरुत्वाकर्षण मात्र मी बऱ्याचदा बंद ठेवते, कारण त्याने हिशेब अवघड होतो. हे वाचून "म्हणजे खोटेच की" असे म्हणणाऱ्यांनी पंधरा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंबामागे ढगात धावून दाखवावे. (पवनबोगद्यात कॅमेरे लावून असे थेंब टिपणारे लोक आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांचा मला हेवा वाटतो.)

आणि प्रश्न खोटा नाही. बाष्प पिऊन थेंब साधारण पंधरा मायक्रॉन त्रिज्येपर्यंत वाढतो, मग त्याची वाढ मंदावते. एकमेकांवर आदळून झपाट्याने मोठे होणे चाळीसच्या आसपास सुरू होते. मधला टप्पा पाऊस इतक्या लवकर कसा गाठतो, यावर अजून वाद आहे. भोवऱ्यांवर संशय आहे, कारण जडत्व असलेला थेंब भोवऱ्यातून बाहेर फेकला जातो आणि भोवऱ्यांमधल्या पट्ट्यांत असे थेंब गोळा होतात.

संशोधनाच्या तिसऱ्या वर्षी मला अगदी लहान, जवळजवळ जडत्वच नसलेल्या थेंबांचेही दाट पुंजके दिसले. एवढे दाट ते कोणालाच अपेक्षित नव्हते, म्हणून मी हरखून गेले. ते मी एका चर्चासत्रात मांडले तेव्हा शेवटच्या रांगेतले एक वयस्कर सर एवढेच म्हणाले, "जडत्व शून्य करून पाहिलंत का?" मला तो अपमान वाटला. जडत्व शून्य असलेला कण हवेबरोबर नुसता वाहतो आणि ही हवा दाबली जात नाही, त्यामुळे सारखे पसरलेले कण सारखेच पसरलेले राहणार. ठाऊक असलेल्या उत्तरासाठी संगणकाचे तास का घालवायचे? तरीही त्या रात्री हट्टाने तो प्रयोग लावला. सकाळी पडद्यावर तेच पुंजके होते, जवळपास त्याच जागी.

कारण शोधायला चार दिवस लागले. हवेचा वेग फक्त जाळीच्या बिंदूंवर माहीत असतो आणि कण असतो बिंदूंच्या मध्ये. मी भोवतालच्या आठ कोपऱ्यांवरून सरळ प्रमाणात वेग काढत होते. अशा हिशेबाने तयार झालेली हवा मूळ हवेसारखी राहत नाही : ती कुठे किंचित दाटते, कुठे किंचित विरळ होते. हिशेबातल्या वेळेच्या एका पावलाला ही चूक नगण्य असते, पण हजारो पावलांनंतर कण तिच्यातच साचतात. ढगाचे रहस्य म्हणून मी जे मांडले होते, ते माझ्या कोडमधले होते. स्प्लाइनने, म्हणजे बिंदूंमधून सरळ रेषेऐवजी गुळगुळीत वक्र नेणाऱ्या पद्धतीने, वेग काढून सगळे पुन्हा केले. मध्यम जडत्वाच्या थेंबांचे पुंजके टिकले. लहान थेंबांचे, म्हणजे माझ्या मुख्य दाव्याचे, फारच थोडे उरले. आठ महिने गेले.

त्या वेळची मी म्हणत असे, समीकरण खरे म्हणून थेंब खरे. आज ती समोर बसली तर विचारेल, "मग स्प्लाइनवर तुझा विश्वास कशावरून?" शून्य जडत्वाच्या कसोटीला ती पद्धत उतरली, एवढेच मी सांगू शकेन. पण जडत्व असलेल्या थेंबांसाठी आधीच ठाऊक असलेले उत्तर नसते, तेव्हा तिथे ती कसोटी चालत नाही. आणि गुरुत्वाकर्षण मी अजूनही बऱ्याचदा बंदच ठेवते.

त्या चुकीच्या पुंजक्यांचे एक मोठे रंगीत चित्र आमच्या मजल्यावरच्या भिंतीवर अजून लावलेले आहे. पाहुण्यांना ते फार आवडते. मी ते काढलेले नाही.