त्या सिस्टरचा हात
आज कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे कॅमेऱ्याची लवचिक नळी आत घालून मोठ्या आतड्याची तपासणी. गुंगीचं हलकंच इंजेक्शन होतं, त्यामुळे बरंचसं आठवतंय. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. एका वळणावर जोरात कळ आली, तशी सिस्टरनी पोटावर तळहात दाबून धरला. "काका, लांब श्वास घ्या, झालंच." नळीचं वेटोळं होऊन आतडं ताणलं की दुखतं, त्या दाबाने ते बरंच टळतं, असं डॉक्टर म्हणाले. आतलं नीट दिसावं म्हणून आतडं फुगवायला साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला होता. तो पटकन शोषला जातो, म्हणून नंतर पोट फुगलं नाही. खरा वैताग पोट साफ करायच्या औषधाचा! अर्धं रात्री, अर्धं पहाटे, गार करून घेतलं म्हणून घशाखाली उतरलं. त्या सिस्टरना मनापासून धन्यवाद. कुणाची तपासणी ठरली असेल तर आतडं फुगवायला कोणता गॅस वापरणार, ते आधी जरूर विचारा.