३१ की २४? एका ब्रॅकेटच्या कंपनचाचणीचा दिवस

विजेवर चालणाऱ्या तीनचाकीची बॅटरी ज्या ब्रॅकेटवर बसते, तो ब्रॅकेट ३ मिमी जाडीच्या पत्र्याचा होता आणि त्याच्यावर ३८ किलोचे वजन येणार होते. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील एका संशोधन विभागात मी सिम्युलेशनचे काम पाहते. या ब्रॅकेटचे संगणकावरील मॉडेल मी तयार केले होते. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाके आणि अ‍ॅक्सल ज्या वारंवारतेने उसळतात, ती बहुतेक वाहनांत साधारण १० ते १५ हर्ट्झच्या पट्ट्यात असते. बॅटरीसह ब्रॅकेटची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का दिल्यावर तो आपणहून सेकंदाला जितक्या वेळा थरथरतो तो आकडा, त्या पट्ट्यात आली, तर प्रत्येक खड्ड्यागणिक ब्रॅकेटची थरथर वाढत जाते आणि काही महिन्यांत वेल्डपाशी तडा दिसतो. म्हणून आम्ही किमान २८ हर्ट्झचे उद्दिष्ट ठरवले होते. मॉडेलने ३१ हर्ट्झ सांगितले होते.

त्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत नमुना ब्रॅकेट शेकर टेबलावर, म्हणजे हव्या त्या वारंवारतेने हलणाऱ्या टेबलावर, चढवला गेला. बॅटरीच्या जागी तेवढ्याच वजनाचा लोखंडी ठोकळा बसवला आणि कंपनाची वारंवारता हळूहळू वाढवत नेली. आलेखाचे शिखर, म्हणजे थरथर सर्वांत जास्त होते ती जागा, २४ हर्ट्झवर उभे राहिले.

फरक सात हर्ट्झचा असला तरी त्याचा अर्थ त्याहून मोठा होता. नैसर्गिक वारंवारता स्टिफनेसच्या, म्हणजे ताठपणाच्या, वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे वजन तेच असताना ३१ चे २४ व्हायचे, तर स्टिफनेस मूळच्या सुमारे ६० टक्क्यांवर उतरायला हवा. मोजमापातील लहानसहान चुकीने एवढी तूट पडत नाही. पत्र्याची जाडी मायक्रोमीटरने तपासली, ती नकाशाबरहुकूम होती. पोलादाचा प्रत्यास्थता गुणांक, म्हणजे त्याच्या अंगच्या ताठपणाचे माप, तर एका लॉटपासून दुसऱ्या लॉटपर्यंत जवळजवळ बदलतच नाही.

अकराच्या बैठकीत सूर ठरल्यासारखाच लागला. प्रत्यक्ष चाचणी ती खरी, संगणकाचा आकडा तो कागदावरचा. तेव्हा पत्रा ३ मिमीऐवजी ४ मिमीचा घ्या आणि पुढे चला. वेळापत्रकाचा ताण सगळ्यांवर होता आणि हा प्रस्ताव मांडणाऱ्या सरांचा हेतू चांगलाच होता. पण ब्रॅकेटचे वजन त्याने एक तृतीयांशाने वाढणार होते, आणि मुख्य म्हणजे ही ४० टक्क्यांची तूट गेली कुठे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. कारण न कळता केलेली दुरुस्ती मला मान्य नव्हती. मी संध्याकाळपर्यंतचा वेळ मागितला आणि सरांनी तो दिला.

एका सहकाऱ्याने सुचवले, की मेश, म्हणजे मॉडेल ज्या लहान घटकांत विभागलेले असते त्यांची जाळी, आणखी बारीक करून पाहावी. ही सूचना गैर नव्हती. मोठ्या घटकांचे मॉडेल असते त्यापेक्षा ताठ वागते आणि वारंवारता वाढवून दाखवते, हे या पद्धतीच्या गणितातच आहे. मेशच्या हलगर्जीची किंमत काय असते, याचे आमच्या क्षेत्रातील सर्वांत कठोर उदाहरण नॉर्वेतील आहे. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगरजवळच्या खाडीत स्लाइप्नर-ए या तेलमंचाचा काँक्रीटचा पाया, चाचणीसाठी पाण्यात खाली उतरवत असताना, फुटला आणि बुडाला. तळाशी आदळताना बसलेल्या हादऱ्याची नोंद भूकंपमापकांवर ३ रिश्टर इतकी झाली, आणि नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचे. चौकशीत आढळले, की पायाच्या पोकळ कप्प्यांमधील त्रिकोणी जागेच्या भिंतीवरचा कातरताण संगणकीय विश्लेषणात ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला होता, कारण त्या जागी घटकांची रचना फार ढोबळ होती. नंतर काळजीपूर्वक केलेल्या विश्लेषणाने ती भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असे सांगितले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. नव्या मुलांना मी हे उदाहरण आवर्जून सांगते, कारण पद्धतीत दोष नव्हता आणि तीच पद्धत नीट वापरल्यावर उत्तर तीन मीटरच्या अंतरावर येऊन पोहोचले.

पण आमच्या ब्रॅकेटचा रोग तो नव्हता. घटकांचा आकार ६ मिमीवरून ३ मिमीवर आणला तरी वारंवारता ३१.२ वरून ३१.० एवढीच सरकली. दुसरा संशय बॅटरीच्या जोडणीवर होता. बॅटरीचे वजन एका बिंदूवर ठेवून तो बिंदू बोल्टच्या छिद्रांशी पूर्ण ताठ दुव्यांनी जोडलेला होता, आणि असे दुवे नसलेला ताठपणा मॉडेलमध्ये आणतात. ते बदलून, वजन नुसते वाटून देणारे दुवे घातले, आकडा ३०.६ वर आला. तूट अजूनही तशीच होती.

उरली ती बाउंडरी कंडिशन, म्हणजे भाग कुठे आणि कसा धरलेला आहे याचे गृहीतक. ब्रॅकेट जिथे बोल्टने बसतो, ती छिद्रे मॉडेलमध्ये सर्व दिशांनी पूर्ण पक्की धरलेली होती, म्हणजे ती जागा तसूभरही हलत नाही असे गृहीत होते. चाचणीच्या आधी आखलेल्या योजनेतही तेच लिहिले होते, कारण शेकर टेबलावरचे फिक्स्चर, म्हणजे भाग ज्यावर कसतात तो सांगाडा, ताठच असते असे सगळेच मानतात.

दुपारी मी प्रयोगशाळेत गेले. तिथले तंत्रज्ञ काका वर्षानुवर्षे शेकर चालवतात. मी त्यांना २४ हर्ट्झवर टेबल स्थिर ठेवायला सांगितले. त्यांनी ठेवले आणि क्षणभर बघून म्हणाले, "मॅडम, ब्रॅकेटकडे नंतर बघा. आधी ह्या उभ्या प्लेटला बोट लावा. ही पण नाचतेय."

ब्रॅकेट ज्या उभ्या प्लेटवर बोल्टने कसला होता, ती १६ मिमी जाडीची असली तरी तिला मागून एकही गसेट, म्हणजे आधाराचा तिकोनी तुकडा, नव्हते. फिक्स्चर पूर्वी एका हलक्या भागासाठी बनवलेले होते आणि त्या कामाला ते पुरेसे होते. ३८ किलोचा ठोकळा पुढे लटकत असताना मात्र प्लेट तळाच्या वेल्डपाशी मागेपुढे झुकत होती. कंपनावर नियंत्रण ठेवणारा सेन्सर खाली टेबलावर चिकटवलेला असल्याने टेबल अगदी शिस्तीत हलत असल्याचे पडद्यावर दिसत होते. काकांनी मेण लावून दुसरा सेन्सर प्लेटच्या वरच्या टोकाला, ब्रॅकेटच्या बोल्टशेजारी बसवला. फिक्स्चर खरोखर ताठ असते, तर दोन्ही सेन्सरचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवे होते. वरचा आकडा खालच्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठा आला.

लोखंडी खुंटी कितीही भक्कम असली तरी ओल्या मातीच्या भिंतीत ठोकली तर ती हलणारच. इथे भिंतीच्या जागी आमची प्लेट होती. हिशेब सोपा होता. एकामागे एक जोडलेल्या दोन स्प्रिंगांचा मिळून स्टिफनेस मूळ ब्रॅकेटच्या ६० टक्के भरतो, तेव्हा दुसऱ्या स्प्रिंगचा, म्हणजे फिक्स्चरचा, स्टिफनेस पहिल्याच्या जेमतेम दीडपट असतो. फिक्स्चर ब्रॅकेटच्या मानाने अनेक पटींनी ताठ असायला हवे, ते दीडपटच होते. मी जागेवर बसून प्लेटची आणि तिच्या वेल्डची मापे घेतली आणि संध्याकाळपर्यंत फिक्स्चरसकट मॉडेल पुन्हा चालवले. उत्तर २४.६ हर्ट्झ आले. मागून तीन गसेट मारलेल्या नव्या फिक्स्चरवर नंतर तोच ब्रॅकेट ३०.५ हर्ट्झवर थरथरला.

मॉडेल बरोबर ठरले याचा मला आनंद झाला, हे नाकारत नाही. पण त्या संध्याकाळी मला खरा घोर लागला तो वेगळाच. शेकरवरची प्लेट जर लवते, तर गाडीची फ्रेम लवणार नाही कशावरून? गाडीत ब्रॅकेट ज्या उभ्या नळीवर बसतो, तिची भिंत २ मिमीची होती. चाचणी आणि मॉडेल या दोघांनीही गाडीविषयी अद्याप काहीच सांगितलेले नव्हते. दोघांनी आपापल्या आधाराविषयी सांगितले होते. मी मॉडेलमध्ये फ्रेमचा तो भाग आसपासच्या जोडांसह घातला आणि आकडा २३ वर घसरला. उभ्या गाडीवर हातोडीचे ठोके देऊन घेतलेल्या मोजणीनेही तेच सांगितले.

सकाळचे २४ आणि आताचे २३ हे आकडे इतके जवळ आले, की पुढच्या बैठकीत "म्हणजे आधीची चाचणी बरोबरच होती ना" असा प्रश्न आला. प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर मी पूर्ण हिशेबानिशी दिले. आकडे शेजारी आले होते, कारणे शेजारी नव्हती. फ्रेमची नळी जेवढी लवत होती, तेवढी लवू देऊन ब्रॅकेट ४ मिमीचा केला असता, तर वजन एक तृतीयांशाने वाढूनही गाडीवरची वारंवारता २३ वरून सुमारे २५ पर्यंतच गेली असती. ताठपणाची तूट जिथे आहे, तिथेच तो घातला पाहिजे. नळीच्या आतल्या बाजूने, दोन बोल्टांच्या मध्ये, एक छोटी पट्टी वेल्ड केली, तर ब्रॅकेट ३ मिमीचाच ठेवून मॉडेल २८.३ हर्ट्झ दाखवत होते. ४ मिमीचा पत्रा ज्यांनी सुचवला होता, त्या सरांनीच पट्टीच्या नकाशावर सही केली.

चाचणी अहवालाच्या पहिल्या पानावर आता फिक्स्चरची स्वतःची वारंवारता लिहावी लागते, आणि ती मोजल्याशिवाय काका शेकर सुरू करत नाहीत. पट्टीचे काम मात्र अजून संपलेले नाही. तिच्या वरच्या टोकाचा वेल्ड नळीच्या ज्या कडेवर येतो, ती कडा खड्ड्यात गाडी आदळताना ताणली जाते. सरळ कापलेल्या टोकापाशी मॉडेलमध्ये ताणाचा लाल ठिपका दिसला, म्हणून आम्ही टोक तिरके कापून वेल्ड कडेपासून आत घेतला आहे. नव्या फ्रेमवर त्या जागी स्ट्रेन गेज, म्हणजे धातू किती ताणला जातो ते मोजणारा सेन्सर, चिकटवून गाडी खडबडीत ट्रॅकवर धावणार आहे, आणि गेज नेमके कुठे लावायचे, याची खूण मी स्वतः नळीवर करून आले आहे.