वॉटसनला कुणी सांगितलंच नाही

स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाख धबधब्याला जाऊन आलो. 1899 पासूनची ती फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी डोंगरी रेल्वे, लाल लाकडी डबा, खडा चढ. वर धबधबा अंगावरच येतो. एकूण उडी 250 मीटरची, त्यातला वरचा टप्पाच शंभरावर. चष्मा पुसून पुसून कंटाळले. पलीकडच्या कड्यावर पांढरी चांदणी रंगवली आहे: गोष्टीतला गुप्तहेर शेरलॉक होम्स आणि त्याचा वैरी मोरिआर्टी यांची झटापट तिथली म्हणे. पाटीवर तारीखसुद्धा, 4 मे 1891. जो कधी जन्मलाच नाही त्याच्या शेवटच्या झुंजीची तारीख! नंदू हसला. मला हसू येईना.

डोक्यात वहिनीचं वाक्य. "स्टेंट टाकल्यापासून आईंना जिना चढायला बरं पडतं." टाकल्यापासून! टाकला कधी, मला पत्ताच नाही.

त्यामुळे मला आठवत राहिला तो होम्सचा मित्र वॉटसनच. आजारी इंग्लिश बाई आहे अशी खोटी चिठ्ठी आली म्हणून बिचारा खाली हॉटेलात गेला. धापा टाकत परत आला तर काठी कड्याला टेकलेली, सिगारेटच्या डबीखाली निरोप. हाका मारल्या, त्याचाच आवाज परत आला. आणि हा होम्स वर कपारीत आडवा पडून सगळं बघतोय! पुढे तीन वर्षं पत्ता नाही. सांगितलं कुणाला? भावाला. मायक्रॉफ्टला. वॉटसनच्या पोटात काही राहायचं नाही, असा एकूण हिशेब.

आमच्याकडेही भावालाच. "तू उगाच धावत आली असतीस." आले असते! धावत यायलाच तर... जाऊ दे. बाबांच्या वेळचं आता काढत नाही.

ऑपरेशनचं एक वेळ समजू शकते. पण त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आई मला मेथीची जुडी दाखवत होती. तेव्हा हातावर सुईचा काळानिळा डाग होता का? आठवून आठवून बघते. होम्सने नुसत्या मनगटावरून ओळखलं असतं. मी मेथी बघत होते. ताजी होती.

लेखक कॉनन डॉईलने 1893 मध्ये होम्सला इथे संपवला, कारण त्याचा कंटाळा आला होता. 1903 मध्ये परत आणावाच लागला. तो समोर उभा राहिल्यावर वॉटसन चक्क बेशुद्ध पडला. शुद्धीवर आल्यावर भांडला का? छे. त्याच रात्री खिशात रिव्हॉल्व्हर टाकून त्याच्याबरोबर निघाला. परतीच्या ट्रेनमध्ये मीही पुण्याची तिकिटं बघत बसले होते, म्हणजे माझंही तेच. रागवायचं ते तिथे गेल्यावर, जेवणं झाल्यावर. आधी रागावले तर ती जेवणार नाही.

मेरँगचा जन्म आपल्याकडचा, असा धबधब्याखालच्या मायरिंगेन गावाचा दावा. अंड्याचा पांढरा भाग आणि साखर, बाकी हवा. वहिनीसाठी मोठा डबा घेतला, निदान तिच्या तोंडून निसटलं तरी. दादासाठी काही नाही. वहिनीच्या डब्यातलं तो खाणारच, पण नाव तिचं.