गोळ्या घेणारा खुनी नको

थ्रिलर सिनेमांमधल्या एका शॉटला माझं डोकं तापतं, आणि तो शॉट खुनाचा नसतो. पोलीस संशयिताच्या खोलीत शिरतात, कपाट उघडतात, आत गोळ्यांची स्ट्रिप असते. संगीत चढतं, कॅमेरा त्या स्ट्रिपवर थांबतो, आणि सगळं थिएटर समजून जातं की खुनी हाच.

माझं मेडिकलचं दुकान नागपुरात पागलखाना चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय इथं १८६४ पासून आहे, त्यामुळे आमच्या भागातल्या दुकानांत ओलांझापिन, रिस्पेरिडोन, क्लोझापिन या स्किझोफ्रेनियासारख्या, भास होणाऱ्या आजारांवरच्या गोळ्या क्रोसिनइतक्याच सहज निघतात. त्या घेणारी माणसं मी रोज पाहतो. क्लोझापिन चालू असलेल्याला पांढऱ्या पेशी मोजायला वरचेवर रक्त द्यावं लागतं. वजन वाढतं, झोपेत लाळ गळून उशी ओली होते, काही औषधांनी हात थरथरतात म्हणून त्यावर आणखी एक गोळी. एवढं सोसून ही मंडळी नेमानं औषध घेतात, आणि सिनेमात तीच स्ट्रिप गुन्ह्याचा पुरावा होते.

एक मावशी दर महिन्याला मुलाची औषधं न्यायला येतात. "कागदात गुंडाळून द्या जी भाऊ, शेजारची पाहून राह्यली," असं त्या आधी म्हणायच्या. मागे एकदा आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. मुलानं टीव्हीवर एक पिक्चर पाहिला होता, त्यात खुनी इस्पितळातून पळालेला. "तवापासून विचारून राह्यला, आई, मी पण असा करीन का? जेवून नाही राह्यला." डॉक्टरांच्या कानावर घाला, असं मी त्यांना सांगितलं. पुढच्या वेळी मुलगा सोबत आला तेव्हा दुकानातली गर्दी ओसरू दिली आणि त्याला स्टुलावर बसवून जे माहीत होतं ते सगळं सांगितलं.

सिनेमे सायकोपॅथ आणि मनोरुग्ण यांची गल्लत करतात. सायकोपॅथ माणसाला नसलेले आवाज ऐकू येत नाहीत, भास होत नाहीत. आपण काय करतोय हे त्याला लख्ख ठाऊक असतं, फक्त समोरच्याचं दुःख त्याच्यापर्यंत पोचत नाही. हर्वी क्लेक्ली या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं १९४१ च्या आपल्या पुस्तकात हे लिहून ठेवलंय: वरून शहाणा, बोलायला गोड, आतून कोरडा. पुढे कॅनडाच्या रॉबर्ट हेअर यांनी २० मुद्द्यांची तपासणी-यादी केली. थापा मारणं, दुसऱ्याला वापरून घेणं, केल्याचा पश्चात्ताप नसणं हे त्यात आहे, भास कुठेच नाही. घोळ वाढवायला हिचकॉकच्या १९६० च्या 'सायको'चा मोठा हात आहे. सिनेमा म्हणून तो मला आजही थक्क करतो, पण मेलेल्या आईच्या आवाजात बोलणारा नॉर्मन बेट्स सायकोपॅथ नव्हे, त्याचं मन दुभंगलेलं आहे. नावामुळे मात्र सायकोपॅथ आणि मनोरुग्ण दोघेही एकाच पोत्यात गेले.

सॅम्युएल लाइस्टेड आणि पॉल लिंकोव्स्की या बेल्जियमच्या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९१५ ते २०१० मधले ४०० सिनेमे पाहिले आणि त्यातली सायकोपॅथ म्हणून रंगवलेली १२६ पात्रं अभ्यासाला घेतली. खऱ्या सायकोपॅथच्या सगळ्यांत जवळ जाणाऱ्यांत त्यांनी 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' (२००७) मधल्या अँटन शिगर या खुन्याला धरलं. मला ते लगेच पटलं, कारण त्यातला पेट्रोल पंपाचा प्रसंग.

टेक्सासमधला आडरस्त्यावरचा पंप. काउंटरमागे म्हातारा दुकानदार. तो गिऱ्हाइकाशी हवापाण्याच्या दोन गोष्टी बोलतो, आपण सगळेच बोलतो तशा. शिगर त्यातला एकेक शब्द पकडून उलटा विचारू लागतो. दुकान कधी बंद करता? झोपता किती वाजता? हे घर सासऱ्याचं ना? आवाज एकदाही चढत नाही, पार्श्वसंगीत नाही. काजूचं रिकामं पाकीट चुरगाळून तो काउंटरवर ठेवतो आणि ते पाकीट हळूहळू, चुरचुर आवाज करत, उलगडत जातं. मग नाणं उडवून म्हाताऱ्याला म्हणतो, बोल. पैज कशावर लागलीय हे म्हाताऱ्याला कळत नाही, पण कशावर तरी लागलीय हे त्याच्या चेहऱ्यावर उतरत जातं. दिवसभर काउंटरमागे उभं राहणाऱ्या माणसाला हा प्रसंग अंगावर येतो. दारातून येणाऱ्या प्रत्येकाशी गोड बोलणं हा आमचा धंदा, आणि नेमका तो गोडवाच तिथं उघडा पडतो.

मराठीत असा गारठा 'माफीचा साक्षीदार' (१९८६) मध्ये आहे. १९७६-७७ च्या पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावरचा सिनेमा. त्या प्रकरणात खून करणारी पोरं कला महाविद्यालयात शिकत होती, आणि पहिला बळी त्यांच्याच ओळखीतला, सोबत शिकणारा. इस्पितळ नाही, गोळ्या नाहीत.

उलट उदाहरण नाहीच, असं मी म्हणत नाही. मुंबईत फुटपाथवर झोपलेल्या गरिबांना मारणाऱ्या रमन राघवला स्किझोफ्रेनिया असल्याचं डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आणि त्याची फाशी जन्मठेपेवर आली. पण लेखक-दिग्दर्शक तेवढं एकच प्रकरण उचलतात. स्किझोफ्रेनियाचे बहुतेक रुग्ण कुणाच्या अंगावर जात नाहीत. मार खाणारे, घराबाहेर काढलेले, फसवले गेलेले त्यांच्यात कितीतरी जास्त आहेत, आणि त्यांच्यावर थ्रिलर निघत नाही.

मला तो हवा आहे. क्लोझापिन घेणारा, रक्त तपासायला रांगेत उभा राहणारा एक मुलगा. मोहल्ल्यातल्या सगळ्यांच्या लाडक्या, हसऱ्या, देणग्या देणाऱ्या माणसाबद्दल त्याला काहीतरी खटकतं, आणि त्याच्या बोलण्यावर कुणीच विश्वास ठेवत नाही, कारण तो गोळ्या घेतो. थ्रिलरला याहून मोठी अडचण कोणती हवी? कुणी मराठीत हे लिहिलं आणि नागपुरात कुठल्याही पडद्यावर लागलं, तर दुकान पुतण्यावर सोपवून मी पहिल्या शोला जाईन, आणि मावशींच्या मुलाचं तिकीटही मीच काढीन.