कमांड लाइन आणि व्हेंटिलेटर

आज कर्वे रोडच्या एका आर्किटेक्ट ऑफिसात सॉफ्टवेअर सपोर्टला होतो. साठी ओलांडलेले सर हात बाजूला ठेवून बसलेले. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधली कमांड लाइनच, म्हणजे कमांड टाइप करायची पट्टीच गायब! कंट्रोल आणि ९ दाबलं, पट्टी परत आली. "आली रे बाबा!" म्हणाले आणि कीबोर्डकडे न बघता टीआर टाइप करून ट्रिम, म्हणजे जास्तीच्या रेषा छाटणं सुरू.

शेजारची इंटर्न रडकुंडीला आलेली. रेव्हिट या इमारतीचं मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बाथरूमचा व्हेंटिलेटर, म्हणजे उंचावरची छोटी खिडकी, प्लॅनमध्ये दिसेना. प्लॅन म्हणजे इमारत आडवी कापून वरून बघितलेलं चित्र; तो सहसा जमिनीपासून १२०० मिलिमीटरवर कापला जातो, व्हेंटिलेटर त्याच्या वर. मी प्लॅन रीजन (तेवढ्याच भागात कापायची उंची बदलायची सोय) लावून दाखवत होतो, तेवढ्यात सर खुर्ची सरकवत आले. "आम्ही ट्रेसिंग पेपरवर हा तुटक रेषेनं काढायचो," म्हणत कागदावर काढूनच दाखवला. तिला माझ्यापेक्षा त्यांचंच लवकर समजलं. मला फार बरं वाटलं.