चुऱ्याचा हिशेब

तेल किती खाता, असं मी पेशंटला कधीच विचारत नाही. खरं उत्तर येत नाही. महिन्याला तेलाच्या पिशव्या किती लागतात आणि घरात खाणारी तोंडं किती, एवढं विचारायचं; भागाकार आपण करायचा. वाट्याही मी टेबलावर तीन आकारांच्या मांडून ठेवते, त्यातली बोट लावून दाखवायची. "एक वाटी भात" म्हणजे प्रत्येक घरी वेगळा भात असतो. आहारतज्ज्ञ म्हणून वीस वर्षांत कमावलेल्या या युक्त्यांचा मला थोडा गर्वच होता.

काकू आल्या मुलीबरोबर, कोथरूडहून. वय ५६. चक्कर येते म्हणून डॉक्टरांनी पाठवलेलं. हिमोग्लोबिन ९.४, वजन ५१ किलो, उंची पाच फूट एक इंच. म्हणजे वजन कमी करण्यासारखं काही नव्हतंच.

"काल सकाळपासून काय काय खाल्लं?"

"काल मी अगदी शहाण्यासारखी वागले, मॅडम."

कोरा चहा, दुपारी एक भाकरी, पालेभाजी, ताक. चारला पुन्हा कोरा चहा. रात्री वाटीभर मुगाची खिचडी, वर तूप नाही. मी आकडे मांडत होते. हजाराच्या आतच बेरीज थांबली.

"आई, रात्रीचं सांग ना," मुलगी म्हणाली.

"अगं, तो चुरा असतो."

जावयासाठी घरात बाकरवडी येते. काकू अख्खी बाकरवडी तोंडात टाकत नाहीत. रात्री अकरानंतर दिवा न लावता ओट्याशी उभ्या राहतात आणि डब्याच्या तळाचा चुरा चिमटीनं खातात. चुरा काही कुणी मोजत नाही. आणि तो संपला की? मुलगी हळूच म्हणाली, "मग ती दोन-तीन बाकरवड्या हातानं मोडते."

काकूंनी पिशवीतून वही काढली. आत झेरॉक्स चिकटवलेले. पहिल्याच पानावर माझे हात थबकले, कारण तक्ता माझा होता. २०१६ मध्ये एका महिला मंडळात व्याख्यान दिलं होतं, तेव्हा वाटलेला. वेळ, पदार्थ, प्रमाण आणि शेवटचा रकाना: "आज काय चुकलं?" तेव्हा मला तो फार कल्पक वाटला होता. काकूंनी मूळ कागद जपून, झेरॉक्स काढत काढत इतकी वर्षं भरला होता. शेवटच्या रकान्यात जवळजवळ रोज लाल शाईत एकच अक्षर. "च."

१९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांना स्वेच्छेनं अर्धपोटी ठेवलं होतं. २४ आठवडे, दिवसाला सुमारे १,५७० कॅलरी. चांगली शहाणी माणसं ताटं चाटू लागली, पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, अन्नाशिवाय दुसरा विचार सुचेना. त्यांना भरपूर चालायला लावत, त्यामुळे थेट तुलना करता येत नाही. पण काकूंचा आकडा त्याहून बराच खाली होता. त्यांना मी हेच सांगितलं: रात्री ओट्यापाशी तुम्हाला भूक घेऊन जाते, हावरटपणा नाही. एक दिवस पथ्य मोडायचं, अशी 'चीट डे' नावाची फॅशन हल्ली जिमवाल्यांनी काढली आहे. स्वतःच्याच पोटाशी कसली फसवणूक? असो.

दुपारच्या जेवणात आमटी-भात वाढवला. भाजीवर लिंबू पिळायचं, जेवणानंतर लगेच चहा नाही, म्हणजे लोह अंगी लागेल. रक्ताच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्याच होत्या. आणि साडेचारला बशीत चार अख्ख्या बाकरवड्या, खुर्चीवर बसून, दिवसाउजेडी.

"आणि मग शेवटच्या रकान्यात काय लिहू?"

"तो रिकामा ठेवा."

खरं तर वहीच बंद करा म्हणायला हवं होतं. जीभ रेटली नाही. आमचा धंदाच मोजण्याचा. मोजणं सोडा, हे सांगायचं कुठल्या तोंडानं?

तीन आठवड्यांनी आल्या. चक्कर कमी होती. चार बाकरवड्या होतात, कधी तीनच पुरतात, म्हणाल्या. "रात्री दोनदा गेले होते," हेही न विचारता सांगितलं. मान खाली घातली नव्हती.

मी वही उघडली. रिकामा ठेवा म्हणाले होते, तर त्यांनी तो रकाना रोज पट्टी लावून आडव्या रेघेनं भरला होता. दोन तारखांना रेघ नव्हती. तिथे बारीक "च" होता, पेन्सिलीनं.